श्रोता पाहिजे

मी कविता करत नाही. दुसऱ्या गावात या गोष्टीचं कुणाला सोयरसुतक नसतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मात्र त्यामुळे माझी पत भलतीच वाढली आहे. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या क्लबहाउसात शनिवारी संध्याकाळी कविसंमेलन असतंच. कवी शोधावे लागत नाहीत, एका टॉवरमागे दोन-तीन सहज निघतात. घोडं अडतं ते श्रोत्यांपाशी. म्हणून “येताय ना? गाडी पाठवतो,” असे फोन मला येतात आणि संमेलनाध्यक्ष बिचारे रिक्षाने येतात.

स्टेशनकडच्या ठाण्याचं असं नाही. ते मुरलेलं गाव. मराठी ग्रंथसंग्रहालय तिथे १८९३ साली निघालं. अखिल भारतीय साहित्य संमेलन १९६०, १९८८ आणि २०१० असं तीनदा भरलं. गीतकार पी. सावळाराम तर या गावचे नगराध्यक्ष होते. त्या काळी गटार तुंबल्याचे अर्जसुद्धा लोक यमक जुळवून देत असतील, असा माझा आपला अंदाज. पण हे सगळं त्या अंगाला. तलावपाळीवरच्या गडकरी रंगायतनला सहाच्या कार्यक्रमाला पोचायचं, तर आम्ही चारला घर सोडतो. कापूरबावडीचा नाका, मेट्रोचे खांब आणि जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, यांपैकी कुणालाच वाङ्मयाची चाड नाही. घाणेकर नाट्यगृह जवळ आहे, पण ते भरायला श्रोते आणायचे कुठून? तेव्हा क्लबहाउस.

टेबलटेनिसचं टेबल मिटून भिंतीला लावलेलं असतं. त्याच्यावर बॅनर. बॅनरवर प्रायोजक इस्टेट एजंटाचा फोटो, खाली बारीक अक्षरात अध्यक्ष. सूत्रसंचालक बजावतात, “प्रत्येकाने एकच कविता, तीन मिनिटं.” पहिले कवी उठतात. “कविता एकच आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.” पार्श्वभूमी त्यांच्या पहिल्या नोकरीपासून निघते आणि ग्रॅच्युइटीपाशी थांबते. मग कविता. ती पावसावर असते. पुढच्या चारही पावसावरच, कारण महिना जून. वाचून झालेले कवी खुर्चीत बसून स्वतःचाच व्हिडिओ बघतात, वाचायचे राहिलेले ओठांतल्या ओठांत आपल्या ओळी घोळवतात. टाळ्या मात्र दोघांच्याही अचूक जागी पडतात. ऐकत मी एकटाच असतो. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघून वाचतात. ‘प्रिये’ म्हणतानासुद्धा.

बटाटेवडे आभारप्रदर्शनानंतर. आधी दिले तर पुढे काय होतं, हे संयोजकांनी एकदा पाहिलं आहे.

तरी मी जातो, आणि ते काही नुसत्या वड्यांसाठी नाही. मागे एक आजी उठल्या. पार्श्वभूमी नाही, चष्मा पुसणं नाही. टँकरवरची आठ-दहा ओळींची कविता त्यांनी वाचली. पाणी आल्याचं सांगणारा इंटरकॉम, झोपेतून उठून बादल्या लावणारी सून, आणि या सगळ्यात गावाकडच्या विहिरीचं पाणी चोरून आठवणाऱ्या त्या स्वतः. व्हिडिओ बघणाऱ्यांनी मोबाइल खाली ठेवले. ‘क्या बात है’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आजी लगबगीने खुर्चीकडे परतल्या, कारण खरंच टँकर यायची वेळ झाली होती. तेवढ्या एका कवितेवर मी पुढचा अख्खा पावसाळा निभावून नेला.

मला घरी सोडायला मात्र नेहमी कुणीतरी कवीच येतो आणि वेळेअभावी त्याची दुसरी कविता राहिलेली असते. गेल्या शनिवारी पातलीपाड्याशी गाडी थबकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. सोबतच्या कविवर्यांनी मोबाइलवर नकाशा पाहिला.

“अहो, गायमुखापर्यंत सगळं लाल आहे!” ते आनंदाने म्हणाले, आणि हँडब्रेक ओढून त्यांनी माझ्या गुडघ्यांपुढचा कप्पा उघडला. आत वही होती. जाड.