आधी अर्धे बंद कर

भिलाईत स्वतःचं घर असलेला माणूस आमच्या लहानपणी जरा संशयास्पदच वाटायचा. सरळमार्गी माणसं क्वार्टरात राहत. सेक्टर ६ मधली आमच्या सडकेवरची सगळी क्वार्टरं एका साच्यातली. चार भिंती, छत, नळ आणि दारावर नंबर एवढं पोलाद कारखान्यानं दिलं. पुढचं ज्यानं त्यानं बघून घ्यायचं. मल्याळी शेजाऱ्यांनी मागच्या बाडीत केळी लावल्या, सरदारजींनी स्कूटरसाठी टिनाची शेड ठोकली, आमच्या आईनं मुनगा आणि तुळशीवृंदावन दोन्ही आणलं. नाइट शिफ्टवरून परतणारा माणूस आपलं घर ओळखायचा ते या जोडकामावरून. नुसत्या क्वार्टरवर भरवसा ठेवला असता, तर दुसऱ्याच्याच घरात जाऊन चहा मागितला असता.

प्रोग्रामर दिवसभर ज्यात बसून कोड लिहितात, त्या सॉफ्टवेअरचाही हाच प्रकार आहे. आयबीएमनं नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्स नावाचं असं क्वार्टर जगाला खुलं करून दिलं. चार कोटी डॉलरचा माल आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याचा मूळ गाभा लहानसाच होता, बाकी सगळी वरून जोडायची प्लग-इनं. जावा लिहायची सोय हेसुद्धा प्लग-इनच. त्या कामातला एक म्होरक्या एरिक गामा. हा स्विस गृहस्थ पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि त्यानं व्हीएस कोड हा एडिटर उभा केला. तोही नोव्हेंबरातच खुला झाला, २०१५ साली. शेड ठोकायला जागा सोडायची सवय नोकरी बदलून जात नाही म्हणायची.

जागा सोडली की लोक ठोकतातच. शेजारचा मुलगा दुर्गला इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी तो लॅपटॉप छातीशी धरून आला. "भैया, टाइप करता हूँ तो अक्षर चाय पीकर आते हैं."

मी पडदा पाहिला. व्हीएस कोड उघडा होता. कोपऱ्यात एक कुत्रा हिंडत होता. हे खरंखुरं प्लग-इन आहे. चेंडू टाकला की कुत्रा पळत जाऊन आणतो. दुसऱ्या प्लग-इनामुळे प्रत्येक अक्षराला ठिणग्या उडत होत्या आणि पडदा हादरत होता. आमच्या कारखान्यात ठिणग्या उडतात तेव्हा निदान २६० मीटर लांबीचा रूळ तरी बाहेर पडतो. इथे बाहेर पडलं होतं ते 'हॅलो वर्ल्ड'. रंगसंगतीच्या थीम मी मोजल्या नाहीत. खालच्या पट्टीत भिलाईचं तापमान दिसत होतं, ४४. मे महिन्यात भिलाईत उकडतंय हे कळायला प्लग-इन लागावं, इतकी ही पिढी एकाग्र आहे.

बाबा कूलरसमोर डोळे मिटून पडले होते. सगळी नोकरी त्यांनी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली.

"किती बसवून ठेवले रे त्यानं?"

"साठेक असतील."

"मग आधी अर्धे बंद कर. सुधरलं तर फॉल्ट बंदवाल्यात, नाही सुधरलं तर चालूवाल्यात. मग त्यातले अर्धे." डोळे मिटलेलेच.

गंमत म्हणजे व्हीएस कोडमध्ये ही सोय आहे. नाव एक्स्टेन्शन बायसेक्ट. व्हीएस कोड आपणच अर्धी प्लग-इनं बंद करतो आणि विचारतो, अजून त्रास होतोय का? तुम्ही हो-नाही सांगायचं, की उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. साठातला एक चोर फार तर सहा फेऱ्यांत सापडतो. बाबांना हे सांगितलं, तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "आमच्या फोरमनला रशियनानं शिकवलं, फोरमननं आम्हाला. पैसे कोणी मागितले नाही." कारखाना उभारण्याच्या १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत इंजिनिअर इथे आले, १९५९ मध्ये पहिली धमनभट्टी पेटली. त्या काळातलं हे ज्ञान आमच्या हॉलमध्ये कूलरसमोर पडून होतं आणि मी महिन्याचे पैसे भरून ऑनलाइन कोर्स करत होतो.

चोर सापडला. तापमानवालंच. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, की ते क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा विचारत होतं.

अर्थात सगळीच प्लग-इनं रिकामटेकडी नसतात. कंसांच्या जोड्यांना वेगवेगळे रंग देणारं एक प्लग-इन एका माणसानं आपल्या हौसेनं केलं. ते लाखो लोकांनी घेतलं, आणि मोठ्या फायलीत रखडतं म्हणून त्यालाच बोलही लावले. शेवटी २०२१ मध्ये ती सोय व्हीएस कोडच्या आतच आली, आणि ती दहा हजार पट वेगवान असल्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं. तुमच्या टिनाच्या शेडजागी कंपनीनं स्लॅब टाकून द्यावा आणि वर पाटी लावावी, की शेड फारच गळत होती! मूळ माणसानं आपलं प्लग-इन आवरतं घेतलं. मी असतो तर निदान सडकभर बोंब मारली असती.

आणखी एक माणूस ब्राम मोलेनार. विम हा त्याचा एडिटर १९९१ पासून जगभर फुकट वापरला जातोय. त्यातून बाहेर कसं पडायचं हे कित्येकांना अजून ठाऊक नाही, तो भाग वेगळा. विम उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती अनेकदा दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. तीसेक वर्षं त्यानं हे काम सांभाळलं.

हे मी सांगतोय तोवर आमचा विद्यार्थी त्या तापमानवाल्याला एक तारा देऊन खाली 'बकवास' लिहायच्या बेतात होता. बाबा आता उठून बसले.

"फुकट दिलं ना त्यानं? मग नीट सांग त्याला. आमच्या कंप्लेंट बुकात लोक लिहायचे, लाइट नाही. अरे, कोणती नाही? एका खोलीतली, की अख्ख्या सडकेची? कधीपासून? आम्ही आपले शिडी खांद्यावर घेऊन दारोदार."

मग बाबांनी सांगितलं आणि पोरानं इंग्रजीत लिहिलं: आवृत्ती कोणती, इंटरनेट तुटल्यावर काय होतं, चालू केल्यावर काय होतं. शिडी आणायची गरज नाही, हे वाक्य मी गाळायला लावलं.

तुम्हीही अशी काही फुकटची अवजारं वापरत असाल. बिघाड सापडला तर नुसतं 'चालत नाही' लिहू नका. काय दाबलं आणि त्यानंतर काय झालं ते लिहा, जमलं तर एक बरा शब्दही लिहा. पलीकडचा माणूस ते वाचतो बहुधा रात्री, आपली पगाराची नोकरी करून घरी आल्यावर.