सगळे पार्ट ओरिजिनल

जुनी गाडी विकणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही भेटो, त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : 'सगळे पार्ट ओरिजिनल आहेत, फक्त जोडायचे राहिलेत.' प्रस्तुत लेखकानं एमजी टीसी घेतली ती या 'फक्त'वर भरवसा ठेवून. ट्रकमधून उतरली ती एक चासी, एक इंजिन, स्पोकची चाकं आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. आधीच्या मालकानं गाडी खोलली तेव्हा तो तरुण होता. विकली तेव्हा त्याला नातवंडं होती. मधल्या काळात त्यानं एवढंच केलं होतं की डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. सर्वांत जड डब्यावर सुवाच्य इंग्रजीत लिहिलं होतं : किरकोळ, अत्यंत महत्त्वाचे.

लेखकाच्या पात्रतेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. तो कॉव्हेंट्रीत एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे, हे खरं. पण त्याचं सगळं इंजिनिअरिंग दाराची काच किती वेगानं वर जावी आणि मध्ये बोट आलं तर कुठे थांबावी, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतं आहे. टीसीला काच वरखाली करायची सोयच नाही. पाऊस आला की कापडी पडदे अडकवायचे. म्हणजे त्याच्या अंगात जे एकमेव कौशल्य होतं त्याला या गाडीत जागा नव्हती. तरीही गावातल्या मराठी घरांत गणपतीची आरती झाली, की प्रसादाची वाटी हातात धरून तो सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "सध्या एक ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार रिस्टोअर करतोय." ट्वीडची टोपी घरात आधी आली, पान्यांचा संच नंतर.

टीसी १९४५च्या सप्टेंबरात निघाली आणि १९४९मध्ये बंद झाली. लंडनच्या पश्चिमेला ॲबिंग्डनच्या कारखान्यात जेमतेम दहा हजार गाड्या बनल्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी त्या तशाच चालवल्या. इंजिन १२५० सीसीचं, बॉडीचा सांगाडा ॲश झाडाच्या लाकडाचा. या गाड्यांच्या चासीचे क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत, २५१पासून होतात. कारण? कारखान्याचा टेलिफोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता. ज्या घराण्यात पहिल्या अपत्याला घरचा फोन नंबर बहाल करतात, त्या घराण्याच्या बाकीच्या वस्तूंकडून शिस्तीची अपेक्षा किती ठेवायची?

तरी काही वस्तू गुणी निघाल्या. गाडीचं विजेचं सामान बनवणारी लुकास कंपनी आपल्या मालावर महिना आणि वर्ष ठोकत असे. डायनामो, दिवे, कटआउट, ज्यावर तो ठसा सापडला ती वस्तू घासायची, आकडा वाचायचा आणि आपण मोहेंजोदडोच्या उत्खननात असल्याच्या थाटात वहीत नोंद करायची. बहुतेक आकडे ४८ सालचे निघाले. पुण्याहून व्हिडिओवर अण्णा, म्हणजे लेखकाचे वडील, हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस? म्हणजे आपल्या एस.टी.च्या वयाची आहे की रे." १ जून १९४८ला पुणे–नगर पहिली एस.टी. सुटली, हे त्यांच्या पिढीच्या, एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपवाल्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ असतं.

बाकीचे पार्ट जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालावेत तसे मांडले गेले. मुलगी येता-जाता विचारायची, "बाबा, यातला कचरा कुठला?" प्रश्न रास्त होता.

स्पीडोमीटरचंच घ्या. मागे केबल लागते हे लेखकाला ठाऊक होतं. पण मागच्या बाजूला विजेच्या तारा जोडायच्या जागाही होत्या. आतल्या बल्बसाठी असतील म्हणावं, तर बल्बची सोय वेगळी. मग पार्ट्‌सच्या पुस्तकातल्या, गाडी हवेत फुटून तिचे तुकडे जागच्या जागी थबकावेत अशा त्या चित्रांवर डोळे ताणल्यावर उलगडा झाला. ब्रिटनमध्ये १९३५च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. तेव्हा एमजीच्या लोकांनी डॅशबोर्डवर एक दिवाच दिला. तो विसाच्या सुमारास लागतो आणि तीस ओलांडले की विझतो. सावध करण्यासाठी विझणारा दिवा! तोही अशा गाडीत, जिच्यासारख्या गाड्यांच्या वायरिंगमुळे लुकासला लोक पिढ्यान्‌पिढ्या 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हिणवत आले. दिवा गेला, म्हणजे आपण वेग मोडला की फ्यूज, हे चालवणाऱ्यानं आपापल्या श्रद्धेनुसार ठरवायचं.

शिवाय टीसीत चालवणाऱ्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असते आणि स्पीडोमीटर असतं शेजारच्या माणसासमोर. हे कळल्यावर बायको म्हणाली, "ज्यानं ही गाडी बनवली, त्याला संसार कळत होता."

आता त्या बोल्टाकडे येऊ. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांपुढे हा बोल्ट निघाला की बायको ताटं उचलायला लागते, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

'किरकोळ' डब्यात एकाच तऱ्हेचे मूठभर बोल्ट होते. डोक्याला १३चा पाना बसेना, १४चा गरागरा फिरे. म्हणजे माल इंग्रजी, मिलिमीटरचा नव्हे. व्हिटवर्थच्या संचातला पाना लावला, तो चपखल बसला. लेखकाला आपल्या निष्कर्षशक्तीचं कौतुक वाटलं. मग त्यानं त्यावर इंग्रजी नट चढवून बघितला. चढेना. आजच्या बाजारातला आठ मिलिमीटरचा नट लावला. तो दोन आटे गेला आणि अडकला.

अण्णांनी तो बोल्ट फोनच्या कॅमेऱ्यासमोर उजेडात धरायला लावला, पिच गेज लावायला लावलं, गेज उलटं धरलंय हेही सांगितलं. मग म्हणाले, "आटे मिलिमीटरचे, आठ बाय एक. डोकं विटवर्थचं. एकाच बोल्टाला? कुठल्या शहाण्याचं काम रे हे?"

शहाण्याचा पत्ता सापडला, आणि तो लेखकाच्या घरापासून चालत जाण्याजोगा निघाला. गोष्ट सुरू होते अमेरिकेत. बेंजामिन हॉचकिस नावाचा बंदुका-तोफा बनवणारा अमेरिकन गृहस्थ १८६७ साली फ्रान्सला गेला आणि पुढे पॅरिसजवळ सां-दनी इथे त्यानं कारखाना काढला. तो १८८५मध्ये वारला. कंपनी पक्की फ्रेंच झाली, मोटारीही बनवायला लागली. पहिलं महायुद्ध पेटलं, जर्मन पॅरिसच्या रोखानं येऊ लागले. कारखाना हातचा जाईल या धास्तीनं कंपनीनं १९१५मध्ये इंग्लंडात, थेट कॉव्हेंट्रीच्या गॉसफर्ड स्ट्रीटवर, मशिनगनचा दुसरा कारखाना उभारला. यंत्रं अर्थातच फ्रेंच मापांची.

युद्ध संपलं. मशिनगनला गिऱ्हाईक राहिलं नाही. तिकडे ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसला इंजिनं हवी होती. आधी तो अमेरिकेतल्या काँटिनेंटल कंपनीची इंजिनं आणत असे, पण तो ओघ आटला होता. त्यानं तेच अमेरिकन इंजिन हॉचकिसकडून कॉव्हेंट्रीत बनवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे अमेरिकन माणसानं काढलेली फ्रेंच कंपनी इंग्लंडात बसून अमेरिकन इंजिन इंग्रजासाठी बनवत होती. यंत्रं मेट्रिक आटेच पाडणार. ती बदलायची तर सगळा कारखाना बदलावा लागणार. पण इंग्रज मेकॅनिकच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. त्यावर तोड निघाली ती अशी : आटे फ्रेंच राहू द्यावेत, डोकी इंग्रजी करावीत. मेकॅनिकला बाहेरून काही कळणार नाही. १९२३मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला, तरी ही चाल तशीच राहिली. मॉरिसच्या इंजिनांतून ती एमजीत आली आणि टीसीच्या धाकट्या नातलगांपर्यंत, १९५५पर्यंत टिकली. जर्मन पॅरिसला पोचतील या १९१५च्या भीतीचे आटे चाळीस वर्षं फिरत राहिले.

हे इंजिनापुरतंच. चासीवरचे नट-बोल्ट बीएसएफ, म्हणजे इंग्रजी बारीक आट्यांचे. विजेच्या जोडण्यांचे स्क्रू बीए नावाच्या तिसऱ्याच जातीचे, ज्याची मापं मुळात एका स्विस पद्धतीवरून घेतलेली. आणि व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नसतोच. तो बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो. पाव इंचाचा पाना अर्ध्या इंचाहून मोठं तोंड करतो. जोसेफ व्हिटवर्थनं हे १८४१मध्ये देशाला शिस्त लावण्यासाठी सुरू केलं होतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिन मॅट्रिक, वायरिंग बीए. घराणं शिकलेलं दिसतंय."

गॉसफर्ड स्ट्रीटवर तो कारखाना अजून उभा आहे. आज त्याला विल्यम मॉरिसचं नाव आहे आणि आत विद्यापीठाचे वर्ग भरतात. लेखक पाहुण्यांना तिथेही नेऊन उभं करतो. पाहुणे कॅथीड्रल बघायला आलेले असतात.

डब्यांतल्या एका वस्तूला मात्र कुठल्याच पुस्तकात नंबर नव्हता. साधी पत्र्याची पट्टी, दोन भोकं, त्यातलं एक जरा बाजूला सरकलेलं. टीसीतला एक तज्ज्ञ चहाला आला होता. त्याच्या टोपीपुढे लेखकाची टोपी अगदीच नवखी दिसत होती. त्यानं पट्टी दोन बोटांत उचलली आणि म्हणाला, "ही कारखान्यातली नाही. टाकून द्या." त्याच्याकडे पार्ट विकणाऱ्याची यादी होती. मागच्या महिन्यात बनलेली, चकचकीत, 'मूळ नमुन्याबरहुकूम' ब्रॅकेटं त्यात होती. त्या ब्रॅकेटांना त्याची हरकत नव्हती.

इथे लेखकाचा पारा चढला, आणि अजून उतरलेला नाही. युद्धानंतरचा ब्रिटन, पोलादाचा कोटा, पेट्रोलचं रेशन १९५०च्या मे महिन्यापर्यंत. त्या काळात कुण्या गॅरेजवाल्यानं पत्रा कापून, भोक पाडून, गाडी रस्त्यावर ठेवली. ते ओरिजिनल नाही. आणि काल प्रेसमधून निघालेलं ब्रॅकेट ओरिजिनल! अण्णांना पट्टी दाखवली तर त्यांनी भोकाकडे बघितलंच नाही. "कोपरे बघ," म्हणाले. कोपरे कानशीनं गोल केलेले होते. "पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून करतात तसं. ज्यानं केलं त्याला तिथे स्वतःला हात घालावा लागत असणार."

अण्णांची सगळी नोकरी दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये लेथवर गेली. स्टोअरमध्ये पार्ट नसला की भंगारातली सळई शोधायची, बुश कातायचं, पाती घासायची, आणि गाडी सकाळच्या फेरीला सोडायची. अशी किती बुशं त्यांच्या हातून गेली याची कुठे नोंद नाही. त्यांच्यावर नंबर नव्हते. ती सगळी झिजून, वितळून गेली असतील. लेखक लहानपणी एस.टी.नं आजोळी जायचा तेव्हा खाली कुठेतरी ती फिरत असणार, हे त्याला वयाच्या पन्नाशीत, परदेशात, जेवणाच्या टेबलाशी सुचलं. तोवर त्याला वाटत होतं की घरात इंजिनिअर तो एकटाच आहे.

पट्टी गाडीत बसवली गेली.

राहिला प्रश्न एका बोल्टाचा. इंजिनाच्या पुढच्या झाकणाला एक बोल्ट कमी पडत होता. विकत मिळतो, पण त्याची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "एका बोल्टाला? एवढ्यात इथे माणूस लेथ लावून देईल." त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाची भोसरीत लेथ आहे. ईएन-आठचा तुकडा, डोकं व्हिटवर्थच्या मापाचं, आटे आठ बाय एक. अण्णा ऐंशीच्या पुढचे आहेत. स्टूल घेऊन मशिनशेजारी बसले आणि सूचना देत राहिले, असं मागाहून कळलं. दिवाळीला भाचा आला तेव्हा चकलीच्या डब्यात, कागदाच्या पुडीत तो बोल्ट होता. डोक्यावर नंबर-पंचनं आकडा ठोकला होता : २४१७. वर्कशॉपच्या फाटकातून आत जाताना दाखवायच्या त्यांच्या पितळी बिल्ल्याचा तो नंबर.

गाडी उन्हाळ्यात एकदाची चालली. बायको शेजारून वेग सांगत होती आणि दिव्यावर लक्ष ठेवून होती. एका रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तोच तज्ज्ञ आला, बॉनेटखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं भिंग काढलं. जाणकार लोक बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणांवरून तो कुणी पुरवला हे ओळखतात, ही लेखकाला तोवर चांगली ठाऊक झालेली गोष्ट होती.

"ही खूण मी आजवर बघितली नाही," तो म्हणाला. "सप्लायर कोण?"

"दापोडी," लेखक म्हणाला.

तज्ज्ञानं वही उघडली आणि स्पेलिंग विचारलं. लेखकानं टोपी नीट करून ते सावकाश सांगितलं.

त्या संध्याकाळी ही हकिगत अण्णांना रंगवून सांगताना लेखकाला हसू आवरत नव्हतं. अण्णा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते.

"ते असू दे," ते म्हणाले. "त्याच्याखाली स्प्रिंग वायसर घातलास का?"

"हो," म्हणून लेखकानं फोन ठेवला आणि तो टॉर्च शोधायला लागला.