तीन वर्षांखालील मूल मोफत

वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. मोठ्या माणसाकडून एका दिवसाचे शंभर डॉलरच्या वर घेणारी मंडळी लहानांवर एवढी मेहेरबान का, हा प्रश्न आमच्या घरात फक्त आईला पडला. ‘‘फुकट काही नसतं रे,’’ असं ती थालीपीठ थापता थापता म्हणाली. मी तोवर कॅलेंडर काढलं होतं. मनूचा तिसरा वाढदिवस सप्टेंबरात. आईबाबा साताऱ्याहून न्यू जर्सीला आलेले, ऑगस्टअखेर परत जाणार. म्हणजे जुलैत ऑर्लँडो. जुलैतल्या फ्लोरिडात माणूस नुसता उभा राहिला तरी उकडून निघतो, असं बायको म्हणाली. एक अख्खं तिकीट वाचत असताना हवामानाबद्दल बोलणं मला क्षुद्रपणाचं वाटलं.

विमानात मात्र फुकटची हद्द दोन वर्षांवर संपते. त्यामुळे तिथे मनूला रीतसर सीट होती, तीही खिडकीजवळची. न्यूअर्कपासून ऑर्लँडोपर्यंत त्या सीटवर आईचा थालीपिठांचा डबा बसला आणि मनू माझ्या मांडीवर. मांडीवर म्हणजे अधूनमधून. बाकीचा वेळ ती माझ्या खांद्यावर उभी राहून मागच्या रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना ‘‘आजोबा, भ्वाक!’’ करत होती. गृहस्थ साधारण माझ्याच वयाचे होते.

मी आयटीतला माणूस. कोणतंही सुख मला आधी एक्सेलमध्ये भरावं लागतं. डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कच्या दिवसाची मी पंधरा-पंधरा मिनिटांची शीट केली होती. हिरव्या रंगात राइड्स, पिवळ्यात खाणं, निळ्यात मनूची झोप आणि तपकिरी रंगात, तिचं डायपर नुकतंच सुटलेलं असल्यामुळे, काय ते वाचकांनी समजून घ्यावं. शीटची एकेक प्रत सगळ्यांना दिली. बाबांनी ती नीट घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि दिवसभर चष्मा पुसायला वापरली.

मॅजिक किंगडमचं भौगोलिक वैशिष्ट्य असं, की गाडी लावली म्हणजे तुम्ही पोहोचलात असं होत नाही. मध्ये सेव्हन सीज लगून नावाचं मोठं तळं आहे. मोनोरेलने त्याला वळसा घालायचा किंवा फेरीबोटीने ते ओलांडायचं, मग पार्क. आम्ही बोटीत बसलो. मनूने कठड्याच्या गजांतून पाणी पाहिलं, भोंगा ऐकला आणि आयुष्यात हवं ते मिळाल्यासारखी स्तब्ध झाली. पलीकडे उतरायची वेळ आली तेव्हा तिने गज धरले.

‘‘अजून बोट.’’

‘‘मनू, आत किल्ला आहे. मिकी आहे.’’

‘‘मिकी नको. बोट.’’

बोट तिकीट दाखवायच्या दरवाजाच्या अलीकडे आहे. म्हणजे मनूला जे आवडलं होतं, त्यासाठी पार्कचं तिकीट कोणालाच लागत नव्हतं. मी हे बायकोच्या लक्षात येऊ नये म्हणून घाईघाईने मनूला उचललं, तर बाबा म्हणाले, ‘‘थांब जरा, मलाही परत एकदा बघायचंय.’’

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धोमच्या कालव्यांवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि माती कुठे टाकली, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. आता हे लगून माणसांनी खोदलेलं आहे, आणि त्यातून निघालेली माती पलीकडे पार्कच्या भरावाला वापरली, हे मी कधीतरी वाचलं होतं. फ्लोरिडात जमिनीखाली लगेच पाणी लागतं. म्हणून कर्मचाऱ्यांसाठीचे बोगदे त्यांनी जमिनीच्या पातळीवरच बांधले, त्यांवर भराव घातला आणि १९७१ साली वरच्या मजल्यावर पार्क उघडलं. मनूला बोटीतून काढण्याच्या गडबडीत हे मी बोलून गेलो. बाबांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे माती वाहून न्यायचा खर्च वाचला! हुशार आहेत हो.’’ मग आम्ही उतरलो, वळसा घेऊन रांगेत लागलो, उलट गेलो आणि पुन्हा आलो. आजोबा आणि नात कठड्याला टेकून पाणी बघत होते. माझ्या शीटमधले हिरवे चौकोन तेवढ्यात हातचे गेले.

आत गेल्यावर सिंड्रेलाचा किल्ला दिसला. १८९ फूट उंच. दोनशेच्या वर गेला असता तर विमानांसाठी डोक्यावर दिवा लावावा लागला असता, म्हणून त्याआधी थांबले, आणि वरचे भाग लहान लहान करत नेले, त्यामुळे तो आहे त्याहून उंच वाटतो. हे मी सांगत होतो तेव्हा बायको आणि आई आइस्क्रीमच्या रांगेत निघून गेल्या होत्या. ऐकायला एकटी मनू होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘शू.’’ तपकिरी चौकोनाला अजून चाळीस मिनिटं अवकाश होता.

मिकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की कानात अजून दडे बसतात. घरी मनू झोपताना मिकीच्या चित्राची पापी घेते. पण चित्रातला मिकी वीतभर असतो. तासभर रांगेत उभं राहून आम्ही ज्याच्यापर्यंत पोचलो, त्याचं डोकं आमच्या प्रेशर कुकरच्या तिप्पट होतं. मनूने जो टाहो फोडला तो ऐकून मिकीच दोन पावलं मागे सरकला. फोटो काढणारी मुलगी कॅमेरा धरून वाट बघत होती, मागे रांग होती. शेवटी बाबा पुढे झाले, मिकीचा हात हातात घेतला आणि इंग्रजीतून आपण साताऱ्याचे असल्याचं सांगितलं. पार्कमध्ये फिरणारा मिकी सहसा बोलत नाही. बाबांना तो फार अदबशीर वाटला. त्या फोटोत दोघंच आहेत आणि कोपऱ्यात माझी एक चप्पल.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आईला आवडलं. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात युनिसेफसाठी केलेली ही राइड, देशोदेशींच्या गाणाऱ्या बाहुल्यांची. नऊवारीतली बाहुली काही दिसली नाही, तेवढी एक खोट आईने काढली. पण इथेही बोटच असल्यामुळे मनू खूश होती आणि मी जरा निर्धास्त झालो. बाहेर येऊन बघतो तर स्ट्रोलर गायब! मी ‘चोरी, चोरी’ म्हणून अमेरिकन भूमीवर शुद्ध मराठीत ओरडलो. तिथले कर्मचारी अस्ताव्यस्त लावलेले स्ट्रोलर उचलून ओळीत लावून ठेवतात. आमचा दहा पावलांवर होता. थालीपिठं सुखरूप होती.

आता स्पेस माउंटन. अंधारातला रोलर कोस्टर, उंचीची अट ४४ इंच. बायकोचा कॉलेजपासूनचा हट्ट. मी दुःखी चेहरा करून म्हणालो, ‘‘तू जा. मनू माझ्याशिवाय कोणाकडे राहणार नाही.’’ हे मी रांगेतल्या लोकांनाही सांगितलं. पण डिस्नीवाल्यांनी माझ्यासारख्या बापांचा फार पूर्वी अभ्यास केलेला असावा. ‘रायडर स्विच’ अशी एक सोय आहे: एक पालक जाऊन येतो, मग दुसऱ्याला पुन्हा मोठी रांग न लावता सोडतात. बायको उजळलेल्या चेहऱ्याने परत आली आणि म्हणाली, ‘‘जा आता.’’ मी मनूकडे पाहिलं. माझी सगळी भिस्त तिच्या रडण्यावर होती. ती आजीच्या कडेवर गेली, थालीपिठाचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, ‘‘बाबा, टाटा.’’

स्पेस माउंटनचा वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर आहे. तेवढ्या वेगाने बाबा साताऱ्यात स्कूटरवरून भाजी आणतात. पण भाजी आणताना उजेड असतो. मध्येच कुठेतरी कॅमेरा फोटो काढतो आणि बाहेर तो पडद्यावर लावतात. माझ्या पुढच्या सीटवरचा शाळकरी मुलगा दोन्ही हात वर करून हसतोय. मी त्याचा दंड धरला आहे. बायकोने तो फोटो विकत घेतला. पैसे बाबांनी दिले.

दुपारी जुलैच्या नेमाप्रमाणे वीज कडाडली, बाहेरच्या राइड्स बंद झाल्या आणि आम्ही एका छपराखाली भिजून उभे राहिलो. रेनकोट गाडीत होते, गाडी तळ्यापलीकडे होती. निळ्या चौकोनात टक्क जागी असलेली मनू रात्रीच्या आतषबाजीत गाढ झोपली, आणि तिला उचलून धरलेला मी आकाशाऐवजी समोरच्याच्या पाठीवरचं ‘हॅपिएस्ट प्लेस’ वाचत राहिलो.

आता बायकोने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ४४ इंचांवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. दर महिन्याला मनूला तिथे टाचा टेकवून उभी करते आणि माझ्याकडे बघते. मनूच्या दुधामागे लागणं मी सध्या बंद केलं आहे.