जागा रिकामी आहे, मतदारांनी घाई करू नये

लोकप्रतिनिधी गेला की मतदारसंघात आधी काळ्या चौकटीचे फलक लागतात. त्यात दिवंगत नेत्याचा फोटो मोठा, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे ओळीने. मग हळूहळू खालचे चेहरे मोठे होऊ लागतात. पुण्याचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले आणि आठवड्याच्या आत शहरात 'भावी खासदार' झळकले. निमित्त वाढदिवसाचं होतं. आता वाढदिवस कधी यावा हे काही कुणाच्या हातात नसतं.

पण या भावींना तेव्हा कल्पना नव्हती की आपल्याला किती काळ भावीच राहायचं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-क सांगतं की रिकामी जागा सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेऊन भरावी. पळवाटा दोनच: मुदत वर्षाहून कमी उरली असेल, किंवा निवडणूक घेणं अवघड असल्याचं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. बापट गेले तेव्हा लोकसभेची मुदत पावणेपंधरा महिने उरली होती. म्हणजे पहिली वाट बंद. आयोगाने दुसरी धरली: यंत्रणा इतर निवडणुकांत आणि 2024 च्या तयारीत गुंतली आहे, शिवाय निवडून येणाऱ्याला मिळणार जेमतेम तीन-चार महिने. त्याच वर्षी केरळमध्ये ओमन चांडी 18 जुलैला गेले आणि त्यांच्या पुदुपल्लीत 5 सप्टेंबरला मतदानही झालं. तिथली यंत्रणा बहुधा मोकळी असावी.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाला खडसावून पुण्यात तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुणेकरांना खासदार मिळाला तो थेट 4 जून 2024 ला. दुपारच्या झोपेत व्यत्यय न आणल्याबद्दल एखादं आभाराचं पत्र शहरातून आयोगाला गेलं असल्यास नवल नाही.

आयोगाला आळशी मात्र कुणी म्हणू नये. 'मुदत थोडी' म्हणून पुण्याकडे पाठ फिरवणाऱ्या याच आयोगाने मार्च 2024 मध्ये अकोला पश्चिम विधानसभेची पोटनिवडणूक जाहीर केली. आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर 2023 मध्ये गेले होते. मतदान 26 एप्रिलला, निकाल 4 जूनला, आणि विधानसभेची मुदत नोव्हेंबरात संपणार. नव्या आमदाराला सहा महिनेसुद्धा पूर्ण मिळत नव्हते. पण अकोल्याला ते पुरेसे आहेत, असं ठरलं. इच्छुकांनी कडक इस्त्रीचे सदरे काढले आणि नागपूर खंडपीठाने ही निवडणूकच रद्द केली. कारण? निवडून येणाऱ्याला वर्षभराचीही मुदत मिळत नाही. पुण्यात आयोग नको म्हणत होता आणि न्यायालय घ्या म्हणत होतं. अकोल्यात आयोग घेतो म्हणाला, तर न्यायालय नको म्हणालं. दोन्हीकडे जागा रिकामीच राहिली, त्यामुळे निदान निकालात तरी सुसंगती आहे.

पुण्याच्या कट्ट्यांवर या साऱ्याचं वेगळं कारण सांगतात. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये कसबा पेठेची पोटनिवडणूक झाली होती. 1995 पासून भाजपचा असलेला मतदारसंघ. आजारी बापट नाकात ऑक्सिजनची नळी आणि चाकाची खुर्ची अशा अवस्थेत केसरीवाड्यात मेळाव्याला आले. मंत्र्यांनी पेठा पिंजून काढल्या. तरी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर 10,915 मतांनी निवडून आले. एकदा विचारलं तर असं उत्तर आलं, मग परत विचारायचं कशाला, असा कट्ट्यावरचा युक्तिवाद. आयोगाच्या कारणांत कसब्याचं नाव नव्हतं, तेव्हा हा योगायोगच धरून चालावं.

मतदाराला विचारावं लागू नये म्हणून आयोगावर विसंबायची गरज नसते, हे महाराष्ट्राने फार आधी ओळखलं आहे. आपल्याकडे त्यासाठी संस्कृती आहे. दिवंगत आमदाराच्या घरातला कुणी उभा राहिला की समोर उमेदवार देऊ नये, ही ती संस्कृती. पतंगराव कदमांनंतर 2018 मध्ये पलूस-कडेगावात विश्वजित कदम बिनविरोध झाले, ते तिच्याच पुण्याईने.

मात्र ही संस्कृती अधूनमधून रजेवर जाते. 2021 मध्ये पंढरपूर-मंगळवेढ्यात भारत भालके यांच्या मुलासमोर भाजप लढला आणि 3,733 मतांनी जिंकला. देगलूरला अंतापूरकरांच्या मुलाविरुद्ध लढला, हरला. कोल्हापूर उत्तरमध्ये दिवंगत आमदारांच्या पत्नी जयश्री जाधव यांच्याविरुद्ध लढला, पुन्हा हरला. मग ऑक्टोबर 2022 मध्ये अंधेरी पूर्वला ती अचानक कामावर रुजू झाली.

अंधेरीची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके महापालिकेत नोकरीला. उद्धव ठाकरे गटाकडून उभं राहायचं तर आधी नोकरी सोडायला हवी. महापालिकेला त्या इतक्या हव्याहव्याशा वाटू लागल्या की राजीनामा मंजूरच होईना. एरवी कर्मचारी नोकरी टिकवायला कोर्टात जातात. या सोडायला गेल्या. उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबरला सांगितलं, उद्या सकाळी अकरापर्यंत मंजुरीचं पत्र द्या. अर्ज भरायचा शेवटचा दिवस तोच उद्या होता. अर्ज भरला गेला. मग राज ठाकरेंनी देवेंद्र फडणवीसांना पत्र लिहिलं, शरद पवारांनीही आवाहन केलं, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी भाजपच्या मुरजी पटेलांनी अर्ज मागे घेतला. संस्कृती वाचली.

अंधेरीकरांनी मग आपल्या परीने विरोधी उमेदवार शोधला. मतदान झालं 31.74 टक्के. लटके यांना 66,530 मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर आला नोटा: 12,806. रिंगणातल्या बाकीच्या सहाही जणांना त्याने मागे टाकलं. हे बटण दाबायला मतदारांना पैसे वाटले जात असल्याचा आरोपही मतदानाआधी झाला होता. तो खरा असेल तर कुणालाच निवडू नये यासाठी खिशातून खर्च करणारी ही वेगळीच समाजसेवा म्हणायची.

यानंतर चार महिन्यांच्या आत कसबा आणि चिंचवड आलं. या वेळी रिकाम्या झालेल्या दोन्ही जागा भाजपच्या होत्या. साहजिकच अंधेरीचा दाखला देत बिनविरोधचं आवाहन सत्ताधाऱ्यांकडून आलं, आणि संस्कृतीचा विसर पडायची पाळी महाविकास आघाडीची होती. चिंचवडमध्ये लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप लढून जिंकल्या. कसब्यात तर टिळकांच्या घरात उमेदवारीच दिली नव्हती. तरीही निवडणूक बिनविरोध व्हावी, अशी अपेक्षा होती.

सध्याची विधानसभा डिसेंबर 2024 मध्ये पहिल्यांदा भरली, म्हणजे तिची मुदत 2029 च्या अखेरपर्यंत. त्याआधीचं शेवटचं वर्ष उजाडेपर्यंत जी जागा रिकामी होईल, तिला 'मुदत थोडी उरली' हे कारण चालायचं नाही. यंत्रणा गुंतलेली असणं आणि संस्कृती, एवढ्या दोनच गोष्टींवर तोवर भागवावं लागेल.