कार्यसम्राटांचे शिलालेख

मावळातल्या निवडणुकीचा निकाल वडगावला लागतो आणि कार्ला फाट्यावर कळतो तो फ्लेक्समुळे. अंगावरचा गुलाल धुऊन व्हायच्या आत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला बांबू रोवलेले असतात. वर पक्षश्रेष्ठींचे गोल फोटो, मानाप्रमाणे लहानमोठे. मधोमध हात जोडलेले भाऊ. खाली शुभेच्छुकांची दाटीवाटी, त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. नावाआधी ‘कार्यसम्राट’ ही पदवी. पहिली मासिक सभा अजून व्हायची असते, पण साम्राज्य स्थापन झालेले असते.

हे भाऊ अमुक एका वॉर्डाचे किंवा तमुक पक्षाचे नव्हेत. मळवलीपासून वडगावपर्यंत कुठेही गाडी थांबवा, भाऊ भेटतील. जागा महिलेसाठी राखीव असली तरी भेटतील. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि तिथे निवडून आलेल्या ताईंचा फोटो फ्लेक्सवर असतोच, शेजारी भाऊंचा थोडा मोठा असतो. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाच्या समितीने 2025 मध्ये पत्नीच्या पदावर कारभार करणाऱ्या पतीराजांना जरब बसेल असा दंड करा, अशी शिफारस केली. भाऊंनी तिचेही स्वागत केले असते. फ्लेक्सवर जागा होती.

निवडणूक झालीच नाही तरी अडत नाही. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सदस्य कुणीच उरला नाही, तेव्हा ‘भावी सदस्य’ उगवले. प्रशासकांच्या त्या काळात भावींनी इतके वाढदिवस साजरे केले, की प्रत्यक्ष सदस्य असताना तेवढ्या सभा झाल्या असत्या तर तालुक्याचे कल्याण झाले असते.

भाऊ काम करत नाहीत, हा मात्र विरोधकांचा कांगावा आहे. त्यांचा दिवस पाहावा. सकाळी साडेसातला नदीकाठच्या घाटावर दशक्रिया विधी, तिथे श्रद्धांजलीपर दोन शब्द. त्यात दिवंगतांपेक्षा व्यासपीठावरच्या मान्यवरांचा नामोल्लेख जास्त. दहाला साखरपुडा, बाराला वास्तुशांत, दुपारी बैलगाडा घाट. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये मुभा दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून मावळातल्या लोकप्रतिनिधीच्या दिनक्रमाला घटनात्मक बैठक लाभली आहे. सायंकाळी ‘खेळ पैठणीचा’, रात्री हळद. श्रावणात मतदार माउलींना देवदर्शनाच्या बस, चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला येणाऱ्या कोळी-आगरी भाविकांचे ‘सहर्ष स्वागत’, अर्थात फ्लेक्सवरून. पायथ्याच्या वेहेरगावात गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळेल, कचरा कुठे टाकायचा, हे प्रश्न स्वागताच्या कक्षेबाहेरचे.

कायद्याने मात्र भाऊंकडून वेगळीच अपेक्षा ठेवली आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे 29 विषय आहेत: पिण्याचे पाणी, रस्ते, आरोग्य, शाळा, दिवाबत्ती. दशक्रिया त्यात नाही. साखरपुडाही राहून गेला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजार ते आठ हजार वस्तीच्या गावाच्या सरपंचाला आता महिन्याला 8 हजार रुपये मिळतात. या पैशांत भाऊंची पांढरी गाडी, तिचे डिझेल आणि मागे बसणारी चार पोरे यांचा खर्च कसा भागतो, हा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासावा असा चमत्कार आहे.

आता विकासकामांकडे वळू. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसतात, चौकात हायमास्ट उभा राहतो, आणि दोन्हींच्या आधी फलक येतो: ‘भाऊंच्या विशेष प्रयत्नांतून’. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींना निधी दिला, त्याची वाटणी आधीच ठरलेली होती. 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली, 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. पैसा लोकसंख्या आणि क्षेत्रफळाच्या सूत्राने येत होता. भाऊ त्या दिवशी महाबळेश्वरला गेले असते तरी आला असता. विशेष प्रयत्न लागतो तो फक्त नारळ फोडायला. तोही एकदा नव्हे. आधी भूमिपूजन, मग कामाची पाहणी, मग लोकार्पण, आणि पक्ष बदलला तर पुन्हा लोकार्पण.

या बाबतीत भाऊंना नावे ठेवण्यापूर्वी फाट्यावरून लेण्यांच्या डोंगरावर जाऊन यावे. कार्ल्याचे चैत्यगृह म्हणजे देणगीदारांच्या नावांचे जाहीर प्रदर्शनच आहे. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने दोन हजार वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीवर कोरून ठेवले, की जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केले. आत खांबाखांबावर नावे आहेत, त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. दाराचे श्रेय तिथल्याच एका सुताराने आणि एका गंध विकणाऱ्याने घेतले आहे. उषवदात तर खास मावळी शैलीचा. आपले दान सांगण्याआधी त्याने आपण राजा नहपानाचा जावई असल्याचे कोरले, तीन लाख गाईंचा हिशेब मांडला, आणि मग वलूरकच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याचे नोंदवले. वर नेत्याचे नाव, मध्ये कार्याचा आढावा, खाली मूळ मुद्दा. फ्लेक्सचा आराखडा तेव्हापासून बदललेला नाही.

पुढे सातवाहनांनी नहपानाला हरवले. नव्या सरकारने काय केले? मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्याच, अमात्याला हुकूम सोडला आणि तेच करजिक गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दिले. सत्ता बदलली, काम तेच, फलक नवा. भाऊंच्या दुसऱ्या लोकार्पणाला एवढी जुनी परंपरा आहे, हे त्यांच्या विरोधकांना ठाऊक नसावे.

फरक एकच, आणि तो भाऊंना अडचणीचा आहे. भूतपालाने ‘पूर्ण केले’ असे लिहिले ते पूर्ण झाल्यावर. सुताराने दार केल्यावर दारावर नाव घातले. कोणीही ‘भावी शैलगृहाचे शिल्पकार’ म्हणून रिकाम्या कड्यावर मिशीला पीळ दिलेले चित्र कोरून घेतले नाही. दगडात अक्षर कोरायला वेळ आणि पैसा लागत होता, म्हणूनही असेल. फ्लेक्स रात्रीत छापून मिळतो.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. फलक काढण्याचे काम ज्या संस्थांवर सोपवले, त्या संस्थांत भाऊच बसतात. आपल्याच वाढदिवसाच्या फलकावर कारवाईचा ठराव मांडणारा सदस्य मावळात जन्माला आलेला ऐकिवात नाही.

एका फलकाची गोष्ट हसण्यासारखी नाही. इंद्रायणीवरच्या कुंडमळ्यातला जुना लोखंडी पूल 15 जून 2025 च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. म्हणजे मंजुरी होती आणि सूचना होती, नव्हता फक्त पूल. त्या आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या भाऊंनी शोक व्यक्त केला. काहींनी फ्लेक्स लावून केला.

खरे काम करून दाखवणारेही या राज्यात आहेत, पण त्यांच्यापासून भाऊंनी वेगळाच धडा घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी वेळेवर कर भरणाऱ्यांना मोफत दळण देण्यापर्यंत मजल मारली. राज्यभरातले सरपंच ते गाव बघायला जातात. 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथे त्यांची कन्याच पराभूत झाली. मोफत पिठापेक्षा मोफत पैठणी सुरक्षित, हा निष्कर्ष भाऊंनी त्या संध्याकाळीच काढला असणार.

आणि ग्रामसभा? वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात, पुरेशा कारणाशिवाय टाळल्या तर सरपंचाचे पद जाऊ शकते, म्हणून त्या होतात. 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. तेवढे लोक शनिवारी बंगल्यांवरच्या पाहुण्यांची सोय बघण्यात आणि रविवारी फाट्यावरच्या कोंडीत गुंतलेले असतात. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. दुसऱ्या खेपेला आठ जण येतात, चहा होतो, विषयपत्रिका वाचली जाते, आराखडा एकमताने मंजूर होतो. बंगल्यांच्या पार्ट्यांचा कचरा नदीकडेला का पडतो, असे विचारणारा त्या आठांत नसतो. तो घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारत असतो, आणि भाऊ त्याला हात जोडल्याचे चित्र पाठवतात.

तेव्हा मावळकरांना एक विनंती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखांवर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवावी. जाण्याआधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा जमाखर्च उघडून पाहावा. तो सगळ्यांना खुला आहे. सभेत हजेरी पुस्तकावर सही करण्यापूर्वी मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे, आणि मंजूर कामांपैकी पूर्ण किती झाली तेवढेच विचारावे. भाऊ चहा मागवतील. चहा घ्यावा, पण उत्तर मिळेपर्यंत उठू नये.