पावले

लोणंद म्हणजे कांद्याचं गाव. तिथे राहून चातुर्मासभर कांदा तोंडात न घालणारा माणूस एक तर आजारी असावा, नाही तर माळकरी. आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, माळकरी होते आणि पेशाने किराणा दुकानदार.

१९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आला. अण्णा मात्र शेवटपर्यंत पावशेरच म्हणत. धान्य मापताना पहिलं माप ‘एक’ नव्हे, ‘लाभ’. लाभ, दोन, तीन... मोजणी लाभापासूनच सुरू होते अशी माझी समजूत होती. ती गुरुजींनी पहिलीत छडीने दुरुस्त केली. दुकानात आलेल्या खोक्याची सुतळी अण्णांनी कधी कापली नाही. गाठ नखाने सोडवून ती गुंडीवर गुंडाळायची, आणि मुलांनी पतंगासाठी वीतभर मागितली तर ‘कशाला हवी?’ ते आधी सांगायचं.

आषाढीच्या आधी ज्ञानोबारायांची पालखी नीरेचं स्नान उरकून गावात मुक्कामाला आली, की याच माणसाच्या दुकानातला खोबरेलाचा डबा ओट्यावर यायचा. अण्णा पाटावर बसून वारकऱ्यांचे पाय चोळत. टाचेच्या भेगांत तेल जिरवायचं ते अंगठ्याने, खालून वर, घाई न करता. एरवी अर्धं गाव ज्यांना ‘शेठ’ म्हणे ते त्या दिवशी ‘माऊली’, आणि समोरचाही ‘माऊली’. कोण कोणाच्या पाया पडतोय ते कळायचं नाही. पालखी हलली की चांदोबाच्या लिंबापर्यंत तिच्याबरोबर चालायचं, उभं रिंगण डोळे भरून पाहायचं आणि माघारी फिरायचं. का, तर दुकान उघडायचंय.

तुकोबाही वाणीच, हे अण्णा गिऱ्हाइकांना आपण होऊन सांगत. १६३० च्या त्या भयंकर दुष्काळानंतर तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? अण्णांचा भर तिच्या उरलेल्या भागावर. ‘निम्मीच सोडली हो. निम्मी धाकट्या कान्होबाला दिली. त्याला संसार होता.’ माझं मत विचाराल, तर अण्णांच्या एकाच धोतरात तुकोबा आणि कान्होबा दोघंही राहत. दोघांचं फारसं भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

अण्णा गेल्यावर महिनाभराने वडिलांनी उधारीची वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वर ‘श्री’. ओळीने नावं, रकमा, आणि कितीतरी नावांपुढे एकच शब्द: पावले. वडील खूश झाले. एवढी वसुली त्यांना अपेक्षित नव्हती. मग त्यांनी रोजकीर्द ताडून पाहिली. त्या त्या तारखांना त्या नावांवर छदामही जमा नव्हता! सगळ्या तारखा आषाढातल्या, पालखी गावातून हलल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. पैसे पावले, देव पावला, की ओट्यावर तेल लावून घेतलेली ती पावलं, हे विचारायला अण्णा राहिले नव्हते.

पण हात सैल सुटला होता असं मुळीच नाही. कौलारू घर पाडून स्लॅब टाकणाऱ्यांपुढे, बुलेटवरून गुळाची ढेप न्यायला येणाऱ्यांपुढे ‘येणे’ असं ठसठशीत लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. कान्होबाचं खातं चोख होतं. वडिलांनी ते पुढे दोन वर्षं खेपा घालून वसूल केलं. उरलेली पानं त्यांनी न फाडता तशीच ठेवली.

वहीच्या शेवटच्या पानावर माझंही खातं निघालं. ‘चि. नातू. लिमलेटच्या गोळ्या. सव्वा रुपया. येणे.’ खाली दोन रेघा. त्या तारखेनंतर सहा पालख्या दारावरून गेल्या होत्या.