दाखल्यापुरतं गरीब कसं व्हावं

ज्यांना साहेब नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. इस्त्रीवाले, घरी ब्लाउज शिवणाऱ्या, भाजीची हातगाडी लावणारे, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या, नाक्यावर उभे राहणारे गवंडी, असे सगळे. नोकरदाराला उत्पन्न विचारलं की तो पगारपत्रक काढून दाखवतो. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणता, ‘कुठल्या महिन्याचं?’ ही सवय आधी मोडा. सरकारी खिडकीत प्रश्न विचारायचा मान आतल्या माणसाचा असतो.

पहिला धडा: आपलं खरं उत्पन्न विसरणे

समजा, तुमचा इस्त्रीचा ठेला आहे. नगाला ८ रुपये, दिवसाला ६० नग, गल्ला ४८० रुपये. कोळसा आणि चहापाणी वजा जाता हातात ३८०. महिन्यातले २५ दिवस धंदा धरला तर वर्षाचे १,१४,००० झाले. हिशेब कागदावर झकास दिसतो, फक्त त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस धरलेला नाही. पावसात कपडे वाळतच नाहीत, तर इस्त्रीला कुठून येणार? मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी. समोरच्या बिल्डिंगीतले लोक घरून काम करायला लागल्यापासून शर्ट निम्म्यावर आले, आणि पँट तर क्वचितच दिसते. उलट गणपतीपासून दिवाळीपर्यंत नवरा-बायको दोघं उभे राहून रात्री अकरापर्यंत कपडे हातावेगळे करतात.

म्हणजे वर्षाचं उत्पन्न किती, हे तुम्हालाच ठाऊक नाही. यात लबाडी काही नाही. पण अर्जातला तो रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि ‘कमी-जास्त’ असं लिहिलेलं संगणक घेत नाही.

दुसरा धडा: खिडकी ओळखून आकडा बोलणे

हा सगळ्यात लांब धडा आहे. इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं.

रेशनकार्डापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात १९९९ सालापासून कार्डाचे तीन रंग आहेत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि लाखाच्या वर पांढरं. तुमचे १,१४,००० प्रामाणिकपणे सांगितलेत तर तुम्ही पांढऱ्यात. ज्यांचे शर्ट तुम्ही कडक करून देता तेही त्याच रंगात. पिवळ्यात बसायचं तर सगळ्या घराने मिळून दिवसाला ४१ रुपयांच्या वर कमावता कामा नये. शहरात अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी मर्यादा थोडी सढळ आहे, वर्षाला ५९,०००. दिवसाला पडले १६१ रुपये. घरात पाच माणसं असतील तर भागाकार तुम्हीच करा, मला बरं वाटत नाही.

घरात एखादी विधवा बहीण असेल तर तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. महिना १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. आता रोजगार हमीची मजुरी बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाने ६८ दिवस खड्डे खणले की २१,००० ची रेषा ओलांडली. २००५ च्या कायद्याने हमी दिली होती १०० दिवसांची. सरकारने आपला शब्द पुरता पाळला असता, तर सरकारच्याच व्याख्येने ते घर निराधार उरलं नसतं. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी वाचल्या नसाव्यात, एवढंच आपण समजायचं.

पेन्शनची खिडकी वेगळी. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगाराला नाव घालता येतं. एकोणतिसाव्या वर्षी आलात तर महिना १०० रुपये तुम्ही भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरणार, आणि साठीनंतर महिना ३,००० मिळणार. इथली उत्पन्नाची मर्यादा १५,००० आहे. हा आकडा मघाशी ऐकल्यासारखा वाटेल, पण गोंधळू नका. रेशनच्या खिडकीत ते १५,००० वर्षाचे, पेन्शनच्या खिडकीत महिन्याचे. माणूस तोच, गरिबी बारा पटींनी सैल.

लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाची मर्यादा अडीच लाख. कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर वेगळा दाखला लागत नाही. पण दारात चारचाकी नको. ट्रॅक्टर चालतो. भाजी मार्केटातून माल आणायला जुना छोटा टेम्पो घेतलात तर तो मात्र चारचाकीत मोजला जातो. तेव्हा धंदा वाढवायचाच असेल तर तीनचाकी बघा. चाकं मोजणाऱ्या खिडकीत तिसऱ्या चाकापर्यंत गरिबी चालते.

तिसरा धडा: आपण कोण, हे खिडकीनुसार ठरवणे

तुम्हाला वाटतं, आपण इस्त्रीवाले. हे झालं खाजगी मत.

ई-श्रमवर नाव नोंदवलंत की तुम्ही असंघटित कामगार. २०२१ च्या ऑगस्टपासून हे पोर्टल सुरू आहे, बारा आकडी क्रमांक मिळतो. उद्यम नोंदणी केलीत की त्याच संध्याकाळी तुम्ही सूक्ष्म उद्योजक. ही नोंदणी मोफत असते, पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा. विश्वकर्मा योजनेत तुम्ही पारंपरिक कारागीर. तिथे धोबी, नाभिक, शिंपी, कुंभार, माळा गुंफणारे असे १८ व्यवसाय आहेत. त्यात होड्या बांधणारा आहे, कुलपं बनवणारा आहे, हत्यारं आणि चिलखतं घडवणारासुद्धा आहे. वडापाववाला नाही. आपल्या गल्लीत चिलखतवाले किती आणि वडापाववाले किती, हा विचार रांगेत उभं असताना करू नये, रांग अजून लांब वाटते. तुम्ही धोब्यात बसता, तुमचं नशीब. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. २०२० च्या जूनमध्ये कोविडच्या काळात सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० चं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं. त्यासाठी तुम्ही फेरीवाले आहात असं महापालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. २०१४ चा कायदा सांगतो की फेरीवाल्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हावं. तुमचं झालं नसेल तर धंदा करत असल्याचा जुना कागद शोधा. अतिक्रमणवाल्यांनी हातगाडी उचलून नेली तेव्हा दिलेली दंडाची पावती जपून ठेवा, फाडू नका. अमुक तारखेला अमुक रस्त्यावर तुम्ही खरोखर धंदा करत होतात, हे त्या पावतीइतकं स्पष्टपणे सरकारने दुसरीकडे कुठेच लिहून दिलेलं नसतं.

नाक्यावरच्या गवंड्याचं दुखणं निराळं. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो तर रोज नव्या मुकादमाच्या टेम्पोत चढलेला असतो. मंडळाकडून मिळणारे भांड्यांचे संच मात्र अशाही काही घरांत पोचले आहेत, जिथे थापी कुणी हातात धरलेली नाही. त्यांना प्रमाणपत्राची अडचण आली नसावी.

चौथा धडा: भाऊसाहेब

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराच्या सहीचा असतो, पण आकडा जन्म घेतो तलाठ्याच्या चौकशी अहवालात. तलाठ्याला भाऊसाहेब म्हणावं. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण त्या नावाने हाक मारलीत तर ते मान वर करतील याची खात्री नाही. आधी सेतूत अर्ज. तिथलं पोरगं विचारतं, ‘काका, धंदा काय?’

‘इस्त्री.’

‘इस्त्री नाहीये यात. मजुरी टाकू?’

‘टाक बाबा.’

झालं. सकाळी उद्योजक असलेला माणूस दुपारी मजूर होऊन बाहेर पडतो. इथे वाद घालू नका. ‘व्यवसाय’ लिहिलंत तर दुकानाचा परवाना मागतील.

भाऊसाहेबांपुढे बसल्यावर नवशिक्या उत्पन्न सांगायला लागतो. थांबा. भाऊसाहेब आधी वेगळंच विचारतात: ‘दाखला कशासाठी पाहिजे?’ या प्रश्नाचं उत्तर दिलंत की आकडा आपोआप येतो. मुलीच्या फीच्या सवलतीसाठी एक, निराधारसाठी दुसरा. भाऊसाहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे एकाहून जास्त गावं, त्यांनी तुमच्या ठेल्यासमोर उभं राहून नग मोजावेत अशी अपेक्षा कुणाचीच नाही. मर्यादा वरून ठरून आलेली असते, तुम्ही समोर बसलेले असता, आणि दोघांना जुळवायचं काम त्यांच्या पेनाकडे असतं. खरा आकडा लिहिला तर खरा गरीब बाद होतो, हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं आहे.

बाहेर टेबल टाकून बसलेला गृहस्थ सांगेल की पाचशेचा स्टॅम्प लागतो. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेचा झाला हे खरं, पण या दाखल्याला तो लागत नाही. २०१५ पासून साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. त्याच साली लोकसेवा हक्क कायदाही झाला. दाखल्याला मुदत ठरवलेली आहे, ती टळली तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. हा कायदा कार्यालयाच्या भिंतीवर फलकावर लिहिलेला असतो. फलकापुढे बहुतेक कपाट असतं.

पाचवा धडा: बोट

योजना मंजूर झाली तरी तुम्ही तुम्हीच आहात हे यंत्राला पटलं पाहिजे. आणि कष्टाच्या कामात पहिलं काय झिजतं, तर बोटाचे ठसे. तापलेल्या इस्त्रीपाशी आयुष्य काढलेला अंगठा, सिमेंटमध्ये मुरलेला अंगठा, भांडी घासून गुळगुळीत झालेला अंगठा, यंत्रावर ठेवला की लाल दिवा लागतो. ‘काका, दाबून ठेवा.’ लाल. ‘ओल्या फडक्याने पुसा.’ लाल. ‘दुसरं बोट द्या.’ मग दहाही बोटं एकेक करून पालथी-उलथी होतात, मागची रांग खाकरते, शेवटी कुणीतरी अनुभवी बाई सांगते, ‘कपाळाला घासा, तेल लागलं की घेतंय.’ बरेचदा घेतं. कामाचा एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना यंत्राला तो ओळख पटण्यातला दोष वाटतो, हे मात्र मला अजून पचलेलं नाही.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत २०२५ पासून नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागतो. नवरा सोडून गेलेल्या बाईने काय करावं, यावर सेतूतलं पोरगं म्हणतं, ‘मावशी, वरून काहीतरी येईल.’ तोवर बसून राहावं.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि पासबुकात नसले तर बँकेत भांडू नका. आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं, पैसे तिथे जातात. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेलं, नंतर विसरलेलं दुसऱ्या बँकेतलं खातं आठवा. तिथे असतील. किमान शिल्लक नसल्याचा दंड कापून जे उरलं असेल ते.

सहावा धडा: श्रीमंतही व्हायला शिका

हा धडा छोटा आहे, पण इथे बरेच जण घसरतात. ठेल्याचं पक्कं दुकान करायचं ठरलं, की बँक विचारते, ‘तीन वर्षांची रिटर्न्स आहेत?’ टॅक्सवाल्याकडे जावं. तो पहिला प्रश्न भाऊसाहेबांचाच विचारतो: कशासाठी पाहिजे? कर्जासाठी म्हटलंत की तुमचं उत्पन्न फुलतं, साडेचार लाखांवर जातं, आणि मॅनेजर तुम्हाला खुर्ची देतो. फक्त ही सगळी नोंद पॅनवर होते, पॅन आधारला जोडलेलं, आणि तुमच्या बायकोचे लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० त्याच आधारच्या आधाराने येतात. अडीच लाखांची मर्यादा आठवा. तेव्हा श्रीमंत व्हायचं की गरीब, हे एकदा बायकोशी बसून नीट ठरवा. दोन्ही एका वर्षात करायला गेलेले खुर्चीवरून उठवले जातात आणि रांगेतूनही.

मुदतीबद्दल एवढंच. दाखला ३१ मार्चला संपतो. १ एप्रिलपासून तुमचं उत्पन्न सरकारला पुन्हा नव्याने अपरिचित होतं. दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आत अर्ज टाकून मोकळे व्हा, नंतर सगळा तालुका सेतूच्या पायऱ्यांवर असतो. सकाळी लवकर गेलात तरी अर्धा दिवस ठेला बंद ठेवावा लागेल. त्याचे १९० रुपये उत्पन्नातून वजा दाखवायला फॉर्मात रकाना नाही.